भाव कळला, माल कोण घेणार?

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना लागतो. पुढे बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे मागे पडतात आणि शेळगाव येते. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीला जाते. 1885 च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला तेव्हापासून या पट्ट्यात ऊस रुजला. आज उसाच्या जोडीला मका, डाळिंब, द्राक्ष, भाजीपाला आहे, आणि शेजारच्या निमगाव केतकीचे पानमळे आहेत. माळावरच्या डाळिंबाच्या बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशात मोबाइल असतोच. पुणे, सांगोला, इंदापूर बाजारात आज भगव्या डाळिंबाला काय दर निघाला, हे त्याला दुपारच्या आत समजते. तरीही बागवान, म्हणजे फळांचा व्यापारी, बागेत येऊन फळ हातात फिरवतो आणि एक आकडा सांगतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच आकड्याच्या आसपास सौदा ठरतो.

भाव माहीत असूनही असे का होते? मोबाइलने शेतकऱ्याला खरेदीदाराशी जोडण्याचे महाराष्ट्रातले प्रयत्न आता वीस वर्षांचे झाले आहेत. त्यांचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

एकाच बांधावरची दोन पिके

या भागातल्या पुष्कळ शेतकऱ्यांकडे ऊसही असतो आणि थोडे डाळिंब किंवा टोमॅटोही. दोन्ही पिकांची विक्री शेजारी ठेवून पाहिली की सगळा प्रश्न उलगडतो. विकणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक हव्या असतात. माल कोण घेणार, वजन आणि प्रत कोण ठरवणार, भाव काय मिळणार आणि पैसे कधी मिळणार.

उसाच्या बाबतीत या चारही प्रश्नांना उत्तरे आहेत. नोंद केली की कारखाना घेणार हे ठरलेले. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. किमान भाव केंद्र सरकार जाहीर करते. 2009 पासून त्याला आपण एफआरपी म्हणून ओळखतो. आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे 14 दिवसांत मिळायला हवेत. काटामारीच्या तक्रारी होतात, एफआरपी थकते, त्यासाठी आंदोलने करावी लागतात, हे खरेच. पण भांडायला निदान कायद्याचा आधार असतो. डाळिंबाच्या बाबतीत चारही प्रश्न दर तोडणीला नव्याने उभे राहतात. पाण्याची ओढाताण असतानाही शेतकरी ऊस सोडत नाही, त्यामागे आळस किंवा हट्ट शोधू नये. विक्रीची धास्ती नसलेले पीक तो धरून ठेवतो, इतकेच.

मोबाइलवर आजवर जे उभे राहिले, त्याचा बहुतांश भर चारांपैकी तिसऱ्या प्रश्नावर राहिला. भाव सांगितला की बाकीचे आपोआप जुळेल, असे गृहीत धरले गेले.

रुमालापासून फळ्यापर्यंत

हे गृहीतक आले कुठून? एकेकाळी बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदे व्हायचे. आपल्या मालाचा भाव आपल्यासमोर ठरतो आहे, पण आपल्याला कळत नाही, ही शेतकऱ्याची जुनी जखम. देशातला पहिला नियमन केलेला बाजार म्हणून 1886 मध्ये विदर्भातल्या कारंजाच्या कापूस बाजाराचे नाव घेतले जाते. पुढे महाराष्ट्रात 1963 चा बाजार समिती कायदा आला, उघड लिलाव आले, समितीच्या दारात दरांचा फळा लागला. 1984 मध्ये राज्याचे कृषी पणन मंडळ स्थापन झाले. आकाशवाणीवरून बाजारभाव ऐकू येऊ लागले आणि 2000 मध्ये केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटने देशभरातले दर संगणकावर आणले. 2005 मध्ये 'अ‍ॅग्रोवन' सुरू झाल्यावर भावाचे पान रोज सकाळी गावच्या चहाच्या टपरीवर पोचू लागले.

बारामती या प्रवासात मागे नव्हती. आयआयटी मुंबईने 2003 मध्ये 'आक्वा' नावाचे व्यासपीठ उभे केले. शेतकऱ्याने आपल्या भाषेत प्रश्न टाकायचा आणि कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांनी उत्तर द्यायचे. पाबळचा विज्ञान आश्रम आणि बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र या कामात होते. प्रश्न मुख्यतः कीड, रोग आणि खताचे असत. शेतकरी नव्या साधनापाशी आपणहून येतो, फक्त त्याला मराठीत उत्तर देणारे माणूस पलीकडे असावे लागते, हे तिथे सिद्ध झाले.

एसएमएसचे दिवस

ऑक्टोबर 2007 मध्ये रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. वर्गणी भरायची, आपली पिके आणि बाजारपेठा निवडायच्या, मग रोज मराठीत एसएमएस यायचा: दर, हवामान, सल्ला. टीसीएसची एम-कृषी आणि इफ्कोची आवाजी संदेश देणारी सेवा याच काळातली. नोकियाने 2009 मध्ये साध्या फोनवर 'लाइफ टूल्स' आणले, त्याचीही चाचणी आधी महाराष्ट्रात झाली. वातावरण आशेचे होते आणि त्या आशेला आधार होता.

हा आधार केरळचा. 1997 ते 2001 या काळात केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल टप्प्याटप्प्याने पोचला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा परिणाम मोजून 2007 मध्ये मांडला. मासेमार समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरावर गिऱ्हाईक आहे ते विचारू लागले. बंदराबंदरांतली भावाची तफावत आटली, न खपलेले मासे फेकून देणे जवळजवळ थांबले. मासेमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यालाही मासे 4 टक्क्यांनी स्वस्त मिळाले. हा निष्कर्ष जगभर गाजला आणि शेतीतही असेच घडेल असे अनेकांना वाटले.

मग महाराष्ट्रातल्याच 100 गावांत नीट प्रयोग झाला. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या संशोधकांनी काही गावांतल्या शेतकऱ्यांना रॉयटर्सची सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि दोघांची तुलना केली. पिकांत टोमॅटो, कांदा, गहू, सोयाबीन होते आणि आपले डाळिंबही होते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मन खट्टू करणारा होता. शेतकरी म्हणत होते की संदेशाचा उपयोग होतो. काहींनी बाजार बदलला, काहींनी प्रतवारी सुधारली. पण हाती पडलेल्या भावात सरासरी लक्षात येण्याजोगा फरक दिसला नाही.

तोच फोन, वेगळा परिणाम

केरळात जे घडले ते इथे का घडले नाही? मासेमाराची होडी हेच त्याचे वाहन. माल त्याच्या ताब्यात, नाव वळवली की दुसरे बंदर. शेळगावच्या शेतकऱ्याला पुण्यात किलोमागे चार रुपये जास्त आहेत हे कळले, तरी वीस क्रेटसाठी टेम्पो परवडत नाही. दुसऱ्या बाजारात त्याला ओळखणारा आडत्या नसतो. माल तिथे पोचेपर्यंत आवक वाढून भाव पडला तर परत आणण्याची सोय नाही. भावाची बातमी मिळाली, पण तिच्यावर चालायला पाय नव्हते.

मध्य प्रदेशातला अनुभव हेच दुसऱ्या बाजूने सांगतो. आयटीसीने 2000 पासून गावोगाव ई-चौपाल ही संगणक केंद्रे उघडली. अपराजिता गोयल यांच्या 2010 च्या अभ्यासात सोयाबीनचा मंडीतला भाव 1 ते 3 टक्क्यांनी वाढलेला आढळला. टक्केवारी लहान, पण खरी. फरक असा की ई-चौपालच्या पडद्यामागे कंपनीचे खरेदी केंद्र होते, तिथे तपासणी होती, इलेक्ट्रॉनिक काटा होता, रोख पैसे होते. चारही प्रश्नांना उत्तर देणारे दुसरे गिऱ्हाईक प्रत्यक्ष उभे होते, म्हणून मंडीतल्या व्यापाऱ्यालाही हात सैल करावा लागला.

पश्चिम बंगालमध्ये बटाटा उत्पादकांना दर पुरवण्याचा प्रयोग झाला तेव्हा सरासरी भावावर परिणाम दिसला नाही, कारण लहान शेतकऱ्याला गावच्या व्यापाऱ्याला टाळून घाऊक बाजारात विकताच येत नव्हते. युगांडातही फोनवरून खरेदीदार आणि विक्रेते जुळवणारे व्यासपीठ उभारले गेले. ते वापरले मुख्यतः मोठ्या व्यापाऱ्यांनी. लहान शेतकऱ्याच्या वाट्याला थोडेच आले. देश वेगळे, पिके वेगळी, पण अडकण्याची जागा एकच आहे.

दर आणि पट्टी

शेतकऱ्याच्या घरात दरापेक्षा पट्टीला किंमत आहे. पट्टी म्हणजे हाती पडणारा हिशेब: वजन, दर, त्यातून हमाली, तोलाई, वाराई, वाहतूक, बारदाना आणि शेवटी उरलेली रक्कम. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारातली एक पट्टी राज्यभर गाजली. 512 किलो कांदा, दर किलोला 1 रुपया. कपात वजा जाता शेतकऱ्याच्या हाती 2 रुपयांचा धनादेश आला, तोही पुढच्या तारखेचा. त्या दिवशी मोबाइलवर दिसणारा दर खोटा नव्हता. पण तो दर पाहून काढणीचा आणि गाडीचा निर्णय घेणाऱ्याला खरा आकडा दिसतच नव्हता.

डाळिंबात आणखी एक गुंता आहे. दरपत्रकावर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन आकडे असतात, आणि किमान-कमालातले अंतर प्रचंड असते. फळाचे वजन, रंग, सालीवरचा तेल्या रोगाचा डाग यांवर भाव ठरतो. आपला माल त्या अंतरात कुठे बसतो, हे सांगणारा बागेत एकच माणूस असतो, तो म्हणजे खरेदी करायला आलेला बागवान. तो एक नंबरचा माल उचलतो आणि बारीक फळ झाडावर ठेवून जातो. प्रत ठरवण्याचा अधिकार समोरच्याच्या हाती असेल तर भाव ठाऊक असून उपयोग काय? रॉयटर्सच्या प्रयोगात जो थोडा फरक दिसला त्यात प्रतवारी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

व्यापाऱ्याला खलनायक ठरवून मात्र हा प्रश्न सुटत नाही. औषधाची उधारी, मुलीच्या लग्नाची उचल, नडीला रात्रीचे पैसे हे सारे अनेकदा आडत्याकडूनच येते. दोन एकरांच्या मालासाठी तो गाडी पाठवतो, नासाडी सोसतो, आठ जणांचा माल एकत्र करून दूरच्या बाजारात नेतो. ही कामे कुणीतरी करावीच लागतात. उचल घेतलेला शेतकरी दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे त्या उचलीचे मोल. मध्यस्थ हटवू असे सांगत आलेली अनेक अ‍ॅप ही कामे आपल्या अंगावर घ्यायला तयार नव्हती, म्हणून हंगाम-दोन हंगामांत विझली.

ई-नाम आणि त्यानंतर

14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम सुरू झाले. देशातल्या बाजार समित्या एका पडद्यावर याव्यात आणि दूरच्या व्यापाऱ्यानेही बोली लावावी, ही कल्पना मोठी होती. मे 2020 पर्यंत 1,000 बाजार जोडले गेले. लिलावाची नोंद संगणकावर आली, बोली लपवणे अवघड झाले, पैसे थेट खात्यात जमा होण्याची वाट मोकळी झाली. हे कमी नाही. तरी व्यवहार मुख्यतः त्याच बाजारातल्या व्यापाऱ्यांत होत राहिले. दिल्लीच्या खरेदीदाराने न पाहिलेले डाळिंब घ्यायचे तर प्रतवारीच्या दाखल्यावर त्याचा विश्वास हवा. प्रयोगशाळा, तपासणीस आणि वादात निवाडा करणारी यंत्रणा यांची वाढ पडद्याच्या वेगाने झाली नाही.

त्याच 2016 च्या जुलैत राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. बाहेर विकण्याची मोकळीक मिळाली. त्याबरोबर जोखीमही आली. बाजार समितीतला परवानाधारक आडत्या पैसे बुडवू लागला तर तक्रारीला एक दार असते. फोनवर ओळख झालेला परप्रांतीय व्यापारी दोन गाड्यांचे पैसे चोख देतो आणि तिसरी गाडी भरून नेल्यावर फोन बंद करतो, तेव्हा जायचे कुठे? द्राक्ष पट्ट्यात अशा फसवणुकीच्या बातम्या जवळजवळ दर हंगामात येतात. चौथा प्रश्न, पैसे कधी, मोबाइलमुळे काही जणांसाठी अधिकच अवघड झाला.

2020 च्या टाळेबंदीत मात्र एक वेगळे चित्र दिसले. बाजार बंद पडले तेव्हा शेतकरी गटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घेऊन पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत भाजी आणि फळे पोचवली. त्यातले बरेच गट टाळेबंदी उठल्यावर थांबले. टिकले ते ज्यांच्याकडे संकलन केंद्र, प्रतवारी आणि गाडी होती. नाशिक जिल्ह्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'सह्याद्री फार्म्स' ही शेतकऱ्यांची कंपनी याचे मोठे उदाहरण. तिथे मोबाइल आहे, प्रत्येक प्लॉटची नोंद आहे. पण त्यामागे पॅकहाऊस, शीतगृह, प्रक्रिया उद्योग आणि हजारो शेतकऱ्यांचा एकत्र माल आहे. निर्यातीच्या द्राक्षासाठी अपेडाने 2006 मध्ये ग्रेपनेट आणले तेव्हाही हेच घडले. परदेशातल्या पेटीवरून तिची बाग ओळखता येऊ लागली, म्हणून न पाहिलेल्या मालावर विश्वास बसला. डाळिंबासाठीही पुढे तशीच व्यवस्था आली, आणि पणन मंडळाचे डाळिंब निर्यात सुविधा केंद्र तर बारामतीतच आहे.

दुधाने शिकवलेले

उत्तर शोधायला शेळगावकरांना नाशिकपर्यंतही जावे लागत नाही. रोज सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रावर जाऊन उभे राहावे. कुणी दहा लिटर आणते, कुणी तीन. प्रत्येकाचा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ सर्वांसमोर पडद्यावर उमटते, वजन होते, पावती मिळते किंवा फोनवर संदेश येतो. दहा दिवसांनी पगार, म्हणजे दुधाचे बिल. दुधाच्या दरावरून तक्रारी आहेत, त्या रास्तही आहेत. पण तीन लिटर दूध विकायला कुणाला बाजार शोधावा लागत नाही. तीन क्रेट टोमॅटो विकायला मात्र जिवाचे रान करावे लागते.

फरक फोनचा नाही, फोनमागच्या केंद्राचा आहे. लहान माल गावातच मोजला गेला, त्याची प्रत तिऱ्हाईत यंत्राने ठरवली, आणि शेकडो घरांचे थोडे-थोडे एकत्र होऊन एक टँकर भरला. महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 2015-16 च्या कृषी गणनेनुसार 1.34 हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवरचा माल एकेकट्याने मोठ्या खरेदीदारापर्यंत पोचणे कठीण. त्याला टँकरसारखे काही लागते.

पुढची दिशा

म्हणून पुढे काय करावे, हे चार प्रश्नांच्या क्रमानेच सांगता येईल.

कोण घेणार? याचे उत्तर तोडणीच्या दिवशी शोधून मिळत नाही, बहार धरतानाच शोधावे लागते. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून ई-पीक पाहणी करतो, सातबाऱ्यावर पीक नोंदवतो. ही माहिती वर सरकारकडे जाते. ती एकत्रित आकड्यांच्या रूपाने गावाला परत मिळाली आणि बहाराच्या तारखेची जोड मिळाली, तर इंदापूर-बारामतीत कोणत्या महिन्यात किती डाळिंब येणार हे खरेदीदाराला आधी सांगता येईल. सगळ्यांनी एकदम आंबे बहार धरला आहे, हेही शेतकऱ्याला वेळेत दिसेल.

वजन आणि प्रत कोण ठरवणार? शेतकरी उत्पादक कंपन्यांचे कायदेशीर रूप 2003 पासून आहे, आणि 2020 मध्ये केंद्राने 10,000 नव्या उत्पादक संघटनांची योजना आणली. यातल्या अनेक कंपन्या खते-औषधे विकण्यात अडकल्या आहेत. त्यांच्या हाती पहिले काम दिले पाहिजे ते चार-पाच गावांमिळून एका प्रतवारी केंद्राचे: इलेक्ट्रॉनिक काटा, प्रतीचे जाहीर निकष, फोटोसह पावती. बांधावर आणि शेडमध्ये फळ निवडणारे हात बहुतेक बायकांचे असतात. एक नंबर आणि दोन नंबर त्यांना नजरेने कळतो. या केंद्रांवर प्रतवारीचा अधिकार आणि त्याचा मेहनताना त्यांना मिळावा, आणि पावतीचा संदेश त्यांच्या फोनवर यावा.

भाव काय? दराबरोबर कपात जाहीर व्हावी. बाजार समितीच्या प्रत्येक संदेशात क्विंटलमागे सरासरी कपात वजा जाऊन हाती किती पडले हा आकडा असला, तर गाडी कुठे वळवायची याचा निर्णय खऱ्या अर्थाने शेतकऱ्याचा होईल. टिकणाऱ्या मालाला थांबण्याची ताकदही हवी. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे; मका किंवा सोयाबीन गोदामात ठेवून किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत 6 टक्के व्याजाने उचल मिळते. ही सोय जितक्या घरांत पोचेल तितक्या घरांतली आडत्याची उचल कमी होईल.

पैसे कधी? गाडी शिवारातून हलण्याआधी खरेदीदाराची रक्कम बँकेत राखून ठेवावी आणि माल पोचल्याचा संदेश आला की ती सुटावी. 2016 नंतर मोबाइलवरून पैसे पाठवणे चहाच्या टपरीपर्यंत पोचले आहे. तीच शिस्त डाळिंबाच्या गाडीला लावणे तंत्राला अवघड नाही. अवघड आहे ते व्यापाऱ्याला त्यासाठी राजी करणे, आणि ते एकटा शेतकरी करू शकणार नाही, गट करू शकेल.

2024 पासून बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग सुरू आहे. उपग्रहाची चित्रे आणि जमिनीतले सेन्सर यांवरून पाणी-खताचा सल्ला थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर जातो. तो उसातच आधी रुजला याचे मला नवल वाटत नाही. वाढलेला प्रत्येक टन कुठे विकायचा याची चिंता तिथे नाही. डाळिंबात किंवा टोमॅटोत उत्पादन वाढले की भाव पडण्याची भीतीही वाढते, आणि मग नवे तंत्र शिकायला मन घेत नाही. विक्रीची घडी बसली नाही तर शेतीतली बाकीची हुशारीही अर्ध्यावर थांबते.

शेळगावात उद्या कुणी नवे अ‍ॅप घेऊन आले, आणि ते येतीलच, तर त्याला चावडीवर बसवून हेच चार प्रश्न विचारावेत. माझा माल तू घेणार की फक्त कोण घेईल ते सांगणार? माझ्या फळाची प्रत कोण ठरवणार आणि मी हरकत घेतली तर निवाडा कोण करणार? कपात जाऊन हाती किती पडेल? गाडी हलण्याआधी पैसे कुठे असतील? उसाला ही उत्तरे मिळायला सहकाराची आणि लढ्यांची कित्येक दशके लागली. डाळिंबाच्या वाट्याला तेवढा काळ वाट पाहणे येऊ नये, एवढ्यासाठी तरी खिशातला फोन कामी यावा.